शिक्कामोर्तब

डोंगर चढून गेलेल्या माणसाला तीन गोष्टी लागतात : पाणी, सावली आणि आपण इथे येऊन गेलो याची कुठेतरी नोंद. पहिल्या दोन मिळाल्या नाहीत तर तो कुरकुरतो. तिसरी मिळाली नाही तर मात्र तो काहीतरी करून ठेवतो. आपल्याकडच्या किल्ल्यांवर हे पदोपदी दिसतं. ज्या बुरुजाने तोफांचे गोळे झेलले, त्याच्यावर ऑइलपेंटने बदाम काढलेला असतो, बदामात बाण आणि बाणाच्या दोन टोकांना दोन अक्षरं. त्या अक्षरांचं पुढे लग्न झालं की नाही, हे बुरुजाला कुणी येऊन सांगत नाही. रंग मात्र तसाच राहतो.

या हौसेची सभ्य सोय कुठे पाहायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं. ती मिळाली ॲरिझोनाच्या वाळवंटात, एका दगडाआड, झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात.

या खेळाला लेटरबॉक्सिंग म्हणतात. कुणीतरी एक डबा डोंगरात लपवून ठेवतो. आत एक वही आणि एक रबरी शिक्का, बहुधा हाताने कोरलेला. डबा कसा शोधायचा याच्या खुणा तो कोड्यासारख्या लिहून जाहीर करतो. शोधणाऱ्याने आपली वही, आपला शिक्का आणि शाईचा पॅड घेऊन निघायचं. डबा सापडला की त्यातला शिक्का आपल्या वहीत मारायचा, आपला शिक्का त्याच्या वहीत मारायचा, आणि डबा होता तसा बंद करून, होता तिथे ठेवून चालू लागायचं. बक्षीस नाही, प्रमाणपत्र नाही, व्यासपीठावर बोलावून नारळ देणं नाही.

आम्ही फिनिक्सजवळ चँडलरला राहतो. आमच्या गल्लीतल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शेजारीणबाईंना हा नाद आहे. माझे बाबा हिवाळ्यात आमच्याकडे आले होते. त्यांची उभी हयात टपालखात्यात गेली. सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी पोस्टांत त्यांनी शिक्के मारले आहेत. डोंगरात पत्रपेटी आहे म्हटल्यावर त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि विचारलं, "पेटी उघडायची वेळ काय?"

मी त्यांना सगळा इतिहास सांगितला. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डार्टमूर नावाचं ओसाड, दलदलीचं माळरान आहे. शेरलॉक होम्सच्या गोष्टीतला तो प्रसिद्ध कुत्रा जिथे हिंडला, तेच. त्याच्या उत्तर भागात क्रॅनमियर पूल नावाची एक आडबाजूची जागा आहे. तिथवर चालत जाणं म्हणजे त्या काळी दिवसभराची पायपीट. १८५४ मध्ये चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने तिथे एक बाटली ठेवली. जो पोचेल त्याने तिच्यात आपलं भेटकार्ड टाकायचं.

"कार्ड टाकून उपयोग काय?" बाबा म्हणाले. "पुढे नेणार कोण?"

हा प्रश्न तिकडच्या लोकांनाही पडला असावा. कारण पुढे प्रथा पडली ती अशी : आलेल्याने स्वतःचा पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड तिथे ठेवायचं, आणि त्याच्यानंतर जो कोणी पोचेल त्याने ते खाली नेऊन टपालात टाकायचं. कार्ड घरी परत आलं, की आपल्यामागून कुणीतरी तिथे पोचलं एवढं कळायचं.

"म्हणजे बटवडा होता," बाबा म्हणाले. खेळाला त्यांची मान्यता मिळाली.

मग मी त्यांना गालापागोस बेटांची गोष्टही सांगितली. तिथल्या फ्लोरिआना बेटावर किनाऱ्याला एक लाकडी पिंप आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून देवमाशांच्या शिकारीला निघालेले खलाशी त्यात पत्रं टाकत, आणि घरच्या वाटेला लागलेलं जहाज ती उचलून नेई. आजही पर्यटक तिथे तिकीट न लावता पत्र टाकतात आणि आपल्या गावाकडचं एखादं सापडलं तर ते नेऊन हातात देतात. तिकिटाशिवाय पत्र पोचतं हे ऐकून बाबांच्या कपाळावर आठी उमटली. पण पोचतं म्हटल्यावर त्यांनी ती मागे घेतली.

डार्टमूरवर हा खेळ शतकभर वाढत राहिला. १९३७ मध्ये क्रॅनमियरला एका वर्तमानपत्राने दगडी पेटी बांधवून दिली. शंभर डबे शोधणाऱ्यांचा तिथे एक क्लबही आहे. अमेरिकेला त्याची लागण जरा उशिरा झाली. १९९८ मध्ये 'स्मिथसोनियन' मासिकात एक लेख आला आणि लोक खोडरबर कोरायला बसले. दोनच वर्षांनी, मे २००० मध्ये, अमेरिकी सरकारने जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली धूसरता काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये कुणीतरी एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तेव्हापासून जिओकॅशिंग नावाचं धाकटं भावंड जास्त गाजतं आहे. त्यात उपग्रह तुम्हाला हाताला धरून नेतो. लेटरबॉक्सिंगमध्ये मात्र दुसऱ्या माणसाचं लिहिणं समजून घ्यावं लागतं, आणि ते उपग्रहाला जमत नाही.

निघण्याआधी बाबांना शिक्का हवा होता. नातीच्या दप्तरातला मोठा खोडरबर आला. आधी सरावासाठी भाजीतली भेंडी कापून शाळेतल्यासारखे ठसे काढून झाले. त्या रात्रीची भाजी पातळच झाली. खरी अडचण अक्षरांची. शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरावी लागतात, तेव्हा ती कागदावर सुलटी उमटतात. मी आरसा आणायला उठले. तोवर बाबांनी खोडरबरावर गोल काढून त्यात उलटं 'वाई' लिहूनही टाकलं होतं. वेलांटीसकट. टपालाच्या धातूच्या शिक्क्यात तारखेची उलटी अक्षरं रोज सकाळी बदलावी लागतात, आणि पहिला ठसा वहीत उमटवून तपासावा लागतो. उलटं वाचणं ही त्यांची रोजची नोकरी होती. निवृत्त झाल्यापासून या विद्येला कुणी विचारलं नव्हतं. गोलाच्या मध्यात त्यांनी तारखेसाठी जागा कोरी सोडली. "ती हाताने घालू," म्हणाले, "पण घालायचीच."

डबा नेमका कुठे आहे हे मी सांगणार नाही. दुसऱ्याची मजा घालवायची नाही हा या खेळातला पहिला नियम आहे. एवढं सांगते की तिथून सुपरस्टिशन पर्वत समोर दिसतो. फिनिक्सच्या पूर्वेला वाळवंटातून एकदम उभी राहिलेली ती कड्यांची रांग आणि तिच्या टोकाला फ्लॅटआयर्न नावाचा इस्त्रीच्या आकाराचा सुळका. हा पर्वत खजिना शोधणाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. जेकब वॉल्ट्झ नावाचा एक जर्मन म्हातारा १८९१ मध्ये फिनिक्समध्ये वारला. त्याची सोन्याची खाण या डोंगरात होती आणि मरताना तिचा पत्ता त्याने सांगितला, अशी आख्यायिका आहे. त्याची शुश्रूषा करणाऱ्या जुलिया थॉमस या बेकरीवालीने दुसऱ्याच वर्षी उन्हाळ्यात, म्हणजे तिथे दगडही सावली शोधतात अशा दिवसांत, खाण शोधायला स्वारी काढली. हाती काही लागलं नाही. पुढे तिने म्हणे खाणीचे नकाशे विकले. त्या डोंगरातून कुणाच्या हाती खात्रीची कमाई लागली असेल, तर ती याच नकाशांची. १९३१ मध्ये अडॉल्फ रूथ नावाचा गृहस्थ असाच नकाशा घेऊन आत गेला. नंतर त्याची कवटी सापडली, खाण नाही.

आता तर गंमत अशी आहे, की तो भाग राखीव अरण्य असल्याने १९८४ पासून तिथे नवी खाण काढायला बंदी आहे. उद्या वॉल्ट्झची खाण कुणाला सापडलीच, तर त्याने ती बघायची, मनातल्या मनात शिक्का मारायचा आणि परत यायचं. नव्वदेक वर्षं गेली, माणसं मेली, आणि शेवटी सरकारने नियम केला तो लेटरबॉक्सवाल्यांचाच.

आमच्या डब्याच्या खुणा शेजारीणबाईंनी कागदावर उतरवून दिल्या होत्या. दुसऱ्या फाट्याला डावीकडे वळा. कोरडा ओढा ओलांडा. पाच हातांचा साग्वारो दिसेल, त्यातला एक हात खाली झुकलेला. तिथून फ्लॅटआयर्नकडे तोंड करून वाटेनेच पस्तीस पावलं. डावीकडे पॅलो व्हर्देचं झाड, झाडाआड तीन दगड. मधला आपणहून तिथे आलेला नाही.

साग्वारो म्हणजे इथला उंचच उंच निवडुंग. पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम इंच-दीड इंच वाढतो, आणि हात फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षं घेतो. पाच हातांचा म्हणजे पणजोबाच म्हणायचा. त्याला इजा करणं ॲरिझोनात गुन्हा आहे, हे ऐकल्यावर बाबा त्याच्यापासून अंमळ लांबूनच चालले. वर एक गोल भोक होतं. गिला सुतारपक्षी साग्वारोत घर कोरतो, झाड त्या जखमेभोवती कठीण कवच धरतं, पक्षी सोडून गेला की एखादं टीचभर घुबड तिथे बिऱ्हाड करतं. झाड मेलं तरी ते कवच उरतं, आणि इथले मूळ रहिवासी ते भांडं म्हणून वापरत. डबा लपवायची कल्पना वाळवंटात नवी नाही.

जानेवारीतलं ऊन होतं, स्वेटर काढावंसं वाटेल इतपत. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सला सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंशांच्या वर होतं. त्या दिवसांत डबे डोंगरात असतात आणि शोधणारे एसीत.

कोरड्या ओढ्यात बाबांच्या विजारीला चोला चिकटला. टेडी बेअर चोला असं त्याचं लाडकं नाव. लांबून लोकरी दिसतो, जवळ गेलात की तो तुमच्याकडे येतो. त्याचे काटे टोकाला उलटे असतात, बोटांनी काढायला गेलं तर बोटांत जातात. वाळवंटात फिरणाऱ्याने जवळ फणी ठेवावी, फणी त्या गोळ्याखाली घालून तो उडवून लावावा, असं इथे प्रत्येक जाणकार सांगतो. मी पाठीवरची पिशवी उघडून फणी शोधायला लागले. बाबांनी शर्टाच्या खिशातून आपली काढली. त्यांच्या डोक्यावर फणीला करण्याजोगं काम कित्येक वर्षांत उरलेलं नाही. पण खिशातली फणी गेली नाही. एका झटक्यात गोळा ओढ्यात उडाला. फणी पुसून, फुंकर घालून परत खिशात गेली, आणि एवढी वर्षं ती कशासाठी बाळगली याचा खुलासा झाल्यासारखे बाबा पुढे चालू लागले.

पाच हातांचा साग्वारो सापडला. पस्तीस पावलं मात्र सहज सापडली नाहीत, कारण पाऊल कुणाचं हे खुणेत लिहिलेलं नव्हतं. लिहिणारा सहाफुटी असेल तर? शिवाय पाऊल म्हणजे एक की दोन, यावर लेटरबॉक्सवाल्यांतच एकमत नाही. रोमन सैन्य डावं-उजवं मिळून एक पाऊल मोजायचं. बाबांनी आपल्या पावलांनी पस्तीस मोजली आणि ज्या झाडाजवळ पोचले ते पॅलो व्हर्दे नव्हतं. मी मोजली तर आणखी पुढे गेले. "खूण लिहिणाऱ्याने पत्ता अपुरा दिला आहे," बाबा म्हणाले. अपुऱ्या पत्त्याचं पत्र परत पाठवायची खात्यात रीत आहे, पण आधी पोस्टमन प्रयत्न करतो. तो त्यांनी केला. पावलं सोडून दिली आणि झाड शोधलं. पॅलो व्हर्देची साल हिरवी असते, पानं नसली तरी ओळखू येतं.

तेवढ्यात चढणीवरून एक जोडपं आलं. डबा उघडताना कुणाला दिसू द्यायचा नाही, हा खेळाचा दुसरा नियम. मी बुटाची नाडी बांधायला वाकले. काही हरवलं का, असं त्यांनी आपुलकीने विचारलं. बाबांनी आपल्या इंग्रजीत, सरकारी माणसाच्या शांतपणे, काही नाही, पाहणी चालू आहे, असं सांगितलं. ती दोघं आदराने मान हलवून निघून गेली.

दगडाआड थेट हात घालायचा नाही. इथे खडकाखाली विंचू असतात, आणि थंडीत सुस्तावलेला का होईना, खुळखुळ्या साप असू शकतो. बाबांनी काठीने मधला दगड बाजूला केला. मागे तपकिरी कापडात गुंडाळलेला डबा. आत एकात एक दोन प्लास्टिकच्या पिशव्या, आणि त्यांत वही.

तळहाताएवढी वही. पानं उन्हाने नव्हे, हाताळण्याने मऊ झालेली. शिक्के सगळे हाताने कोरलेले : कोयोटी, चहाची किटली, एक बूट, हमिंगबर्ड, आणि शिक्का घरी विसरलेल्या कुणाचा तरी निळा अंगठा. खरी नावं नाहीत, घेतलेली टोपणनावं. खाली एखाद-दुसरी ओळ. कुणी खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच एवढं चाललं होतं. कुणी पावसानंतर आलं होतं आणि क्रिओसोटच्या झुडपांना येणाऱ्या वासाबद्दल दोन ओळी लिहून गेलं होतं. हा वास ज्याने घेतला नाही त्याला त्या ओळी समजणार नाहीत, आणि ज्याने घेतला त्याला लागणार नाहीत. तरी लिहिल्या होत्या.

बाबांनी चष्मा पुसून वही पहिल्या पानापासून तपासली. चार नोंदींना तारीख नव्हती, दोन ठसे पुसट. डब्यातला पॅड वाळून खडखडीत झालेला. कोकणात पावसाळ्यात पाकिटं आपोआप चिकटून बसायची, ते त्यांना आठवलं. इथे शाई टिकत नाही. आमच्या पॅडवर त्यांनी खोडरबर दाबला, कोऱ्या जागी पेनाने तारीख घातली आणि वहीच्या पानावर ठसा उमटवला. दाब सगळीकडे सारखा. कोयोटी आणि किटलीच्या शेजारी, देवनागरीत, स्वच्छ, 'वाई'.

मग डब्यातला शिक्का आमच्या वहीत. त्याच्यावर तोच पाच हातांचा साग्वारो कोरला होता, झुकलेल्या हातासकट.

मला तो शिक्का घरी न्यावासा वाटला. इतका सुंदर कोरलेला होता, आणि इतका खिशात मावणारा. मी तसं बोलूनही दाखवलं. बाबा वही पिशवीत घालत होते. म्हणाले, "खात्यात हेच तर केलं. आलेलं पत्र कधी आपलं नसतं. शिक्का मारायचा आणि पुढे द्यायचं."

बुरुजावरचा बदाम आणि वहीतला ठसा यांच्यात मी फरक शोधत होते तो पोस्टातच होता. बदाम काढणाऱ्याला ती जागा आपली करायची असते. टपालाचा शिक्का जागेवर हक्क सांगत नाही. अमुक तारखेला हे इथून गेलं, एवढंच तो सांगतो, आणि ते पुरेसं असतं. त्यावर कोर्टातसुद्धा विश्वास ठेवतात. आपण कुठेही जातो तेव्हा खरी नोंद तेवढीच असते. इथून गेलो. बाकीचा मजकूर आपला आपण वाढवतो.

नंतर बाबांनी याची सरकारी आवृत्तीही शोधून काढली. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत असे डबे परवानगीशिवाय ठेवता येत नाहीत, पण १९८६ पासून एक छोटी पासपोर्टवजा वही मिळते, आणि बहुतेक उद्यानांच्या माहिती केंद्रांत टेबलावर तारखेचा शिक्का असतो. टूसॉनच्या साग्वारो राष्ट्रीय उद्यानात त्यांनी तो आपल्या हाताने मारला. तारीख आधी तपासली. बरोबर होती.

आता हे वाचून कुणी सह्याद्रीत डबे पुरायला निघू नये. संरक्षित किल्ल्यावर काही खोचणं, खणणं नको. भिंतीवर नाव कोरणं तर नकोच. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असा कायदा आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या ११ किल्ल्यांचं आणि तमिळनाडूतल्या जिंजीचं नाव जागतिक वारशाच्या यादीत लागलं आहे. त्या बुरुजांवर आता आपलं नाव लागण्याची गरज उरलेली नाही.

हौस मात्र दाबू नका. गडावरून उतरलात की पायथ्याच्या गावातलं पोस्ट गाठा. स्वतःच्याच पत्त्यावर एक कार्ड लिहा, आणि खिडकीतल्या माणसाला सांगा की शिक्का जरा स्पष्ट मारा. काही पर्यटनस्थळांच्या पोस्टांत तर त्या जागेचं चित्र असलेला खास शिक्काही असतो; तो विचारून घ्यावा लागतो, आपणहून कुणी मारत नाही. चार-आठ दिवसांनी कार्ड घरी येईल, त्यावर गावाचं नाव असेल आणि तारीख असेल. पोस्टकार्ड आजही पन्नास पैशांना मिळतं. रंगाचा डबा त्याहून बराच महाग आहे.